गुलाबी फुलाचा मुकदमा

बागेत अनोळखी रोप उगवलं तर कुणी ते उपटून टाकतं, कुणी असू दे म्हणतं. आमच्या शेजारच्या अप्पा पेशकारांनी त्याची रीतसर चौकशी लावली. ती चौकशी पावसाळाभर चालली आणि तेवढ्यात त्या रोपानं अप्पांची निम्मी बाग आपल्या नावावर करून घेतली.

मी लातूरची. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे सरकारी शाळेत मास्तर. दिवसभर उर्दूतून भूगोल शिकवायचे आणि घरी येऊन मराठीतून वैतागायचे. आमचं बिऱ्हाड अप्पांच्या घराला लागून होतं. दोन्ही परसांच्या मधे तुराट्यांचा कूड, त्यामुळे अप्पांच्या घरातलं आम्हाला आणि आमच्यातलं त्यांना आपोआप कळायचं. कान लावायची गरज पडत नसे.

अप्पा मुन्सिफाच्या कोर्टात पेशकार होते. पेशकारानं साहेबांच्या शेजारी बसायचं, कागद वाचून दाखवायचे, पुढच्या पेशीची तारीख पुकारायची आणि साहेबांच्या तोंडून निघालेला हुकूम लिहून घ्यायचा. फैसला साहेबांचा, अक्षर पेशकारांचं. उभ्या नोकरीत अप्पांनी हजारो फैसले लिहिले असतील, पण स्वतःचा म्हणून एकही दिला नाही. ती हौस ते घरी भागवून घेत.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. मांजरानं दूध प्यालं म्हणून अप्पांची बायको, आमच्या काकू, लाटणं घेऊन त्याच्यामागं धावत होत्या. अप्पांनी त्यांना दारातच अडवलं आणि विचारलं, मांजराची बाजू कुणी ऐकली का. मग त्यांनी पातेलं मागवलं, झाकण मागवलं, मांजराच्या मिशा चष्म्यातून बघितल्या. झाकणावर ओरखडा नव्हता, म्हणजे झाकण ठेवायचंच राहिलं होतं, असं त्यांनी शाबीत केलं. मांजर निर्दोष सुटलं आणि काकूंना ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांच्यापुढे कोरा चहा ठेवला. अप्पांनी तो मुकाट्यानं संपवला. त्यांच्या फैसल्यावर अपील कुठं होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दिसायला उंच, किडकिडीत. कोर्टात जायची शेरवानी काळी आणि बागेत जायची शेरवानी, म्हणजे तीच, पण जुनी होऊन विटलेली. झारीनं पाणी घालायचं असलं तरी बटणं गळ्यापर्यंत लावलेली असायची. उन्हाळ्यात आम्ही पदरानं वारा घेत असायचो आणि हे शेरवानी घालून वांग्यांना पाणी घालत असायचे. काकू म्हणायच्या, वांगी काय सलाम करणार हायत का. त्यावर अप्पांचं म्हणणं असं, की आपण कसंही उभं राहिलो तर समोरचाही कसाही वागतो. हे त्यांनी वांग्यांबद्दल म्हटलं होतं, पण मी ते पुढं माझ्या मुलांना बरेचदा ऐकवलं.

मी विरजण मागायला गेले तरी चौकशी व्हायची. दूध म्हशीचं का गाईचं, कोमट होतं का गार, कालचं दही कुणामुळे बिघडलं. सगळं सांगून झाल्यावर "मंजूर" म्हणायचे आणि काकू वाटी भरून द्यायच्या. एकदा मी कंटाळून म्हटलं, अप्पा, दही लागेपर्यंत तुमचा फैसला लागायचा न्हाई. त्यांना ते इतकं आवडलं की कोर्टात जाऊन साहेबांना सांगितलं.

बागेत जास्वंद, शेवंती, विहिरीच्या पाटाकाठी अळू, मेथीचे वाफे, वांगी, कढीलिंब. यांतलं काही विशेष नव्हतं. विशेष होते ते गुलाब. थोरली लेक हैदराबादेला दिलेली. तिच्या अंगणातल्या गुलाबांची कलमं जावयांनी कुंड्यांत लावून दिली होती आणि अप्पा ती मांडीवर घेतल्यासारखी जपत रेल्वेनं घेऊन आले होते. तीन कलमं त्यांनी मातीसकट परसात, पलीकडच्या बुटक्या दगडी भिंतीजवळ लावली. चौथी कुंडी तशीच गच्चीवर नेऊन ठेवली, कारण परसात चौथ्यापुरती उन्हाची जागा उरली नव्हती. काकूंचे गुडघे धरायचे, त्यामुळे पावसाळ्यात गच्चीवर फारसं कुणी जात नसे.

त्या बुटक्या भिंतीपलीकडे हकीमसाहेब राहायचे. वय अप्पांएवढंच, बायको वारलेली, मुलगा दूर नोकरीला. युनानी औषधं द्यायचे. त्यांच्या परसात फुलं कमी आणि बुट्या जास्त. संध्याकाळी अप्पा कोर्टातून आले की भिंतीच्या अलीकडे अप्पांची खुर्ची आणि पलीकडे हकीमसाहेबांची. मधे भिंतीवर पानदान. कोर्टाच्या कागदातला एखादा फारसी शब्द घेऊन दोघं तासभर वाद घालत. काकूंना मुदतीचा ताप आला होता तेव्हा हकीमसाहेब रोज सकाळी काढा स्वतः उकळून भिंतीवरून द्यायचे, नोकराच्या हाती सोडायचे नाहीत. अप्पा म्हणायचे, घरातल्या माणसाचं बयान मी तपासून घेतो, हकीमसाहेबांचं घेत न्हाई. हे ते अभिमानानं सांगायचे.

पावसाळ्यात गुलाबांच्या मुळाशी ते रोप दिसलं. तीन-तीन पानं, प्रत्येक पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, आणि संध्याकाळ झाली की छत्री मिटावी तशी मिटून जायची. थोड्या दिवसांनी नाजूक दांड्यावर गुलाबी फुलं आली. मला तर ते आवडलं होतं. काकूंनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, काढून टाका.

"नाव न्हाई, गाव न्हाई, गुन्हा माहीत न्हाई," अप्पा म्हणाले. "असं कसं काढून टाकावं?"

दुसऱ्या दिवसापासून ते रोप ओल्या फडक्यात गुंडाळून कोर्टात जायला लागलं. भोकरपासून किनवटपर्यंतचे शेतकरी तारखेला यायचे. यांतला कुणीतरी ओळखेल असा अप्पांचा हिशेब, आणि हिशेब चुकीचा नव्हता. चूक एवढीच झाली, की विचारणारा पेशकार होता. ज्याची पेशी आज व्हायची का महिन्यानं हे पेशकाराच्या हातात, तो माणूस पेशकाराला "मला माहीत न्हाई" कसा म्हणणार? त्यामुळे सगळ्यांनी ओळखलं. भोकरच्या एकानं ते रानमेथी म्हणून सांगितलं. किनवटकडच्या एकानं गुरांच्या पोटफुगीवर रामबाण म्हणून सांगितलं. एक माहूरचे गृहस्थ तर म्हणाले, ही देवीच्या डोंगरावरची वनस्पती आहे, तुमच्या घरी उगवली म्हणजे तुमचं भाग्य उजळलं. प्रत्येकजण नवं नाव द्यायचा आणि जाता जाता आपल्या तारखेची आठवण करून द्यायचा. अप्पांनी कुणाचीही तारीख हलवली नाही, पण नावं सगळी घरी आणली. काकू म्हणाल्या, बारशाला एवढी नावं आली नव्हती.

इकडे चौकशी चालली होती आणि तिकडे रोप पसरत होतं. भिंतीच्या कडेकडेनं ते दाट झालं. एका संध्याकाळी हकीमसाहेबांनी पलीकडून हात घालून एक पान तोडलं, दातांखाली धरलं आणि तोंड आंबट केलं.

"खट्टी बूटी है," ते म्हणाले. "तुमच्या आंबुशीची बहीण. पण आंबुशीचं फूल पिवळं ऱ्हाता. ये इधर की नै. पेशकारसाब, पहले जड देखो, फिर हात लगाओ."

आता मूळ बघायला काय हरकत होती? पण तोवर अप्पांच्या डोक्यात निराळंच चक्र फिरायला लागलं होतं. रोप सगळ्यात दाट कुठं, तर हकीमसाहेबांच्या भिंतीपाशी. लांबलांबून बियाणं कुणाकडे येतं, तर हकीमसाहेबांकडे. आणि साऱ्या जिल्ह्याला जे सांगता आलं नाही ते हकीमसाहेबांना एका पानात कसं कळालं? अप्पांनी खुर्चीत ताठ होऊन, कोर्टातल्या आवाजात विचारलं, की हे तुमच्या बागेतून आलं का, हो का न्हाई एवढंच सांगा.

हकीमसाहेब हसले आणि नाही म्हणाले.

"गवाह संबंधित हाय," अप्पा म्हणाले. "गवाही धरता येत न्हाई."

मी कुडाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. मला ती थट्टाच वाटली आणि अप्पांचीही ती निम्मी थट्टाच असावी. पण हकीमसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी पानदान मिटलं, उचललं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे खुर्ची नव्हती.

दोनतीन दिवस अप्पांनी वाट बघितली. मग रागानं खुरपं घेतलं. जुन्या शेरवानीत घाम गाळून त्यांनी ते तण ओरबाडून काढलं, माती खालवर केली, आणि उपटलेलं सगळं खताच्या खड्ड्यात लोटलं. तेच खत पुढं मेथीला, वांग्यांना, शेवंतीला घातलं. व्हायचं तेच झालं. जिथं जिथं खुरपं गेलं तिथं एकाची वीस रोपं आली आणि जिथं खत गेलं तिथं गालिचा झाला. मेथी त्याच्यात हरवली. काकू वाफ्यात बसून मेथी शोधायच्या आणि हातात गुलाबी फुलं घेऊन उठायच्या. भिंत ओलांडून ते हकीमसाहेबांच्या बुट्यांतही शिरलं होतं. हकीमसाहेब आपल्या बाजूला एकटेच खाली बसून काहीतरी करताना दिसायचे, पण मान वर करायचे नाहीत.

आणि दिवसही बरे नव्हते. गावागावांतून नको त्या बातम्या यायच्या, माणसं आवाज खाली करून बोलायची. अशात एके दिवशी गल्लीतले एक प्रतिष्ठित गृहस्थ अप्पांकडे आले. हकीमाशी तुम्ही संबंध तोडलात हे फार चांगलं केलंत, आता त्यांच्याशी असंच वागायला हवं, असं म्हणाले. काकू चहा टाकायला उठल्या होत्या, त्यांना अप्पांनी हातानंच बसवलं.

"मुकदमा तणाचा हाय," अप्पा म्हणाले. "धर्माचा न्हाई."

गृहस्थ गेले. अप्पा बराच वेळ पायरीवर बसून राहिले. आपण गमतीत एक वाक्य बोललो आणि त्याचं लोकांनी काय केलं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असणार. त्या संध्याकाळी त्यांनी आपली खुर्ची भिंतीपाशी नेऊन ठेवली आणि एकटेच बसले. तसे ते रोज बसायला लागले. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. दोन पावलांवर माणूस होता. पण अप्पांच्या मते मुकदमा चालू होता, आणि सबुतावाचून तो मागं घेता येत नव्हता.

सबूत काकूंनी काढलं. मी विरजणाला गेले होते तर काकू म्हणाल्या, गुडघा धरलाय, तेवढं गच्चीवरून गुलाबाचं फूल आणून दे. मी गेले. कुंडीत गुलाब होता आणि गुलाबाच्या बुडाशी तीच बदामाच्या आकाराची पानं, तीच फुलं. मी कुंडीच उचलून खाली आणली आणि काकूंपुढे ठेवली. काकूंनी कुंडीकडे बघितलं, मग अप्पांना हाक मारली.

"हे बघा," त्या शांतपणे म्हणाल्या. "हकीमसाहेब गच्चीवर चढून लावून गेले का?"

अप्पांनी चष्मा पुसला. ही कुंडी हैदराबादेहून आली तशी गच्चीवर गेली होती. परसातल्या मातीचा कणही तिच्यात पडला नव्हता. त्यांनी तिथंच ओसरीवर फडकं अंथरलं, कुंडी उलटी केली आणि माती बोटांनी हलकेच मोकळी केली. आत लसणाच्या कुडीएवढा कंद होता आणि त्याच्याभोवती मोहरीसारखे, ज्वारीसारखे बारके कंद चिकटलेले. नुसतं बोट लागलं तरी ते सुटून मातीत पडत होते. रोप उपटलं की कंद मातीतच राहतात आणि खुरपं ते पेरत जातं, हे माझ्यासारखीलाही कळालं. पहले जड देखो म्हणतात ते यासाठी.

"म्हणजे मीच आणलं," अप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मांडीवर घेऊन आणलं."

त्यांनी काळी शेरवानी घातली, कोर्टात जायची. सगळी बटणं लावली, टोपी घातली, मातीचं ते फडकं गाठ मारून हातात घेतलं. काकूंना गवाह म्हणून बरोबर चलायला सांगितलं. काकू लंगडत निघाल्या म्हणून त्यांना धरायला मी. भिंतीवरून हाक मारायची सोय असताना आमची वरात गल्लीतून फिरून हकीमसाहेबांच्या पुढच्या दारी गेली. ते प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या ओट्यावर दात कोरत बसले होते. त्यांनी सगळं बघितलं.

हकीमसाहेबांनी दार उघडलं. अप्पांनी फडकं उंबऱ्यावर सोडून दाखवलं, मी आणलेल्या कुंडीची हकीगत सांगितली आणि सरळ उभे राहिले.

"मुलजिम हाजिर हाय," ते म्हणाले. "चूक माझी. तुमची गवाही खरी होती."

मला वाटलं हकीमसाहेब आता गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. ते खाली बसले, चिमट्यानं एकेक कंद उचलून बघत राहिले. मग म्हणाले,

"घास की बात नहीं है, पेशकारसाब. तुमने हमारी बात खारिज कर दी. बाहर के लोगां करते, तुम भी करे."

अप्पांचे डोळे भरले होते.  शेवटी काकूच बोलल्या. शिक्षा काय ती सांगा हकीमसाहेब, माझे गुडघे दुखायलेत. तेव्हा कुठं हकीमसाहेब हसले आणि त्यांनी आधी काकूंना बसायला मोढा दिला. मग शिक्षा सांगितली. आधी हकीमसाहेबांची बाग साफ करायची, मग स्वतःची.

तो सगळा उन्हाळा दोघांनी माती चाळण्यात काढला. कोर्टाला सुटी होती. रोपाच्या भोवतीनं लांबून कुदळ घालायची, ढेकूळ अख्खं उचलायचं, ओढायचं नाही. औषधाची भुकटी चाळायची हकीमसाहेबांची तारेची चाळण मधे, दोघं दोन बाजूंनी तिला धरून हलवायचे. वर राहिलेले कंद फरशीवर वाळवायचे आणि न्हाणीच्या बंबात जाळायचे. खड्ड्यातलं खतही बाहेर काढून चाळलं. जिथं चाळणं शक्य नव्हतं तिथं जुनी तरटं दुहेरी अंथरून वर दगड ठेवले, उजेडावाचून कोंब पिवळे पडून मरायला. गुलाबसुद्धा काढून, मुळं मोकळी करून पुन्हा लावले. एक गेला. चाळता चाळता फारसी शब्दांचे वाद पुन्हा सुरू झाले आणि ते इतके वाढायचे, की चाळण हवेतच थांबायची.

पुढच्या पावसात तण आलं, पण तुरळक. सगळं काही गेलं नाही. रोज सकाळी दोघं आपापल्या बाजूनं वाकून फिरायचे आणि एखादं पान दिसलं की दुसऱ्याला हाक मारायचे. मग दोघं मिळून ते काढायचे. एकट्यानं काढायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच सुमारास ह्यांची लातूरला बदली झाली. मी माहेरच्या गावी जाणार म्हणून खूष होते आणि काकूंकडे बघून रडतही होते. निघायच्या दिवशी अप्पांच्या पाया पडायला गेले तर ते हकीमसाहेबांच्या विहिरीवर होते. माझ्यासाठी त्यांनी जाईचं दाबकलम केलेलं होतं, ते मुळासकट काढून आणलं होतं. आमच्याकडे जाणाऱ्याला रोप द्यायचं तर मातीच्या गड्ड्यासकट देतात, पण अप्पा ती माती धुऊन काढत होते. हकीमसाहेब तांब्यानं पाणी ओतत होते आणि अप्पा काळी शेरवानी भिजवून घेत एकेक मूळ बोटांनी उलगडत होते.

"आमच्याकडून तुमच्या घरी वाईट काही जायला नको," ते मला म्हणाले.

बाहेर टांगेवाला खोळंबला होता, आमचे हे दोनदा हाका मारून गेले. दोघांनीही ते ऐकलं नाही. एक मूळ संपलं की दुसरं. शेवटी हकीमसाहेबांनी रोप उन्हाकडे धरलं, फिरवून फिरवून बघितलं, एका मुळातून चिमट्यानं काहीतरी काढून फेकलं, पुन्हा बघितलं.

"साफ है," ते म्हणाले.

अप्पांचा चष्मा कपाळावर होता. तो त्यांनी खाली घेतला नाही. रोप हकीमसाहेबांच्या हातून घेतलं, न बघताच ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.